कुंभ्याच्या सालीची गाठ

फोन आला तेव्हा मी गिरणीत नाचणी दळत होते. रामनगरात माझी पिठाची गिरण आहे आणि तिच्या आवाजात फोन ऐकायचा म्हणजे एका कानात बोट घालून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पलीकडून वहिनी म्हणाली, "वन्सं, हे गेले." मी विचारलं, "कुठं गेला? जोयड्याला?" ती म्हणाली, "पडवीतच, खुर्चीत बसल्या बसल्या," आणि मग मला कळलं. तरीही मी गिरण लगेच बंद केली नाही. वरच्या डब्यात थोडी नाचणी शिल्लक होती. दगडांत दाणे अडकलेले असताना मोटर बंद केली, तर पुढच्या वेळी ती नुसती घुमते, उठत नाही. ही शिस्त मला माझ्या थोरल्या भावाने, अण्णानेच लावली होती. शेवटचा दाणा संपेपर्यंत मी तिथे उभी राहिले, खटका पाडला आणि मग खाली बसले. दळण घेऊन आलेल्या बाईने मला पाणी दिलं आणि पीठ न घेताच ती निघून गेली.

अण्णाचं नाव पुंडलीक. कुंभारवाड्याच्या अंगाला, रानात, दहाबारा घरांची आमची वाडी आहे. तिथे आमचं भाताचं एक खाचर आहे आणि घराच्या पडवीत अण्णाचं सुतारकाम चालायचं. नांगर, बाजा, पाट सगळं तो करायचा, पण त्याचा जीव होता कोरीव कामात. आमच्या गावदेवीच्या देवळाला दोन झडपांचं दार करायचं ठरलं, तेव्हा त्याने परसातला आपला फणस दिला आणि डावं दार स्वतः कोरलं. खालून एक वेल निघते, वर जाताजाता तिला फुलं येतात, आणि वरच्या कोपऱ्यात एक मोठं आठ पाकळ्यांचं फूल. मी तेव्हा माहेरपणाला गेले होते. पटाशीच्या टोकाने तो पाकळीची कड अशी उचलायचा की लाकडाला वारा लागलाय असं वाटावं. डावं दार बसलं. उजव्या दाराची फळी रंधा मारून, चौरस करून तयार ठेवली... आणि अण्णाच्या उजव्या हाताला कंप सुटला.

आधी चहाचा कप वाजायला लागला. मग पटाशी घसरायला लागली. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी चालणं सुधारलं, पण हात काही स्थिर झाला नाही. देवळाला एक दार कोरलेलं आणि दुसरं तात्पुरतं, साध्या फळ्यांचं, असंच लागलं. फणसाची तयार फळी पडवीतच राहिली. वर्षं गेली. कुणी काही बोलत नसे, पण जत्रेला आलेली परगावची माणसं विचारायची, आणि अण्णा त्या दिवशी वहिनीला घेऊन देवळाच्या मागच्या बाजूने जाऊन पाया पडून यायचा. हे मला वहिनीने पुढे सांगितलं. मला स्वतःला कधी दिसलं नव्हतं, कारण जत्रेला मी नेहमी नव्या साडीच्या घाईत असायची.

एकदा तो रामनगरला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सुमे, संगणकानं लाकूड कोरायची मशीन असती म्हणं. मी घरातच करणार हाय." मी हसले. आमचा अण्णा सातवीपर्यंत शिकलेला, वाडीत मोबाइलची रेंज नाही, बसगाड्या दिवसाला दोन. मी म्हटलं, "ह्या वयात कसला नाद लावून घेतोस?" तो म्हणाला, "हात गेला म्हणून काम बी जाऊ द्यायचं व्हय?" पुढचं वर्षभर तो वाडीमागच्या टेकाडावर चढायचा, कारण रेंज तेवढ्या एका जांभ्या दगडापाशीच येते. तिथे बसून मोबाइलवर मशीन बांधणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा आणि वहीत उतरवायचा. भाषा कळत नसली तर चित्र काढायचा. कंपामुळे अक्षर मुंग्या चालल्यासारखं, पण चित्रं मात्र अचूक. चौकट त्याने लाकडाचीच केली. वर इकडून तिकडे सरकणारा लोखंडी पूल, पुलावर कापणारी मोटर, आणि पूल हलवायला छोट्या मोटरी. संगणक सांगेल तेवढंच, केसाच्या रुंदीएवढं पाऊल टाकणाऱ्या. सामान हुबळीहून आलं. एक जुना संगणक माझ्या नवऱ्याने दिला.

त्या दिवसांतली एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका सकाळी टेकाडावरून फोन आला, "सुमे, ड्रायव्हर जळाला गं!" मी ओरडले, "अगं बाई! कुठल्या गाडीचा? किती माणसं होती?" पलीकडे अण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. प्रत्येक छोट्या मोटरीला वीज मोजून देणारी एक डबी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती जळली होती. पण माझं ओरडणं शेजारणीने ऐकलं होतं, तिने ते बसस्टँडवर सांगितलं, आणि दुपारपर्यंत रामनगरात सगळे त्या बिचाऱ्या ड्रायव्हरची चौकशी करत होते.

गणेशचतुर्थीला मी माहेरी गेले तेव्हा मशीन चालत होती. अण्णाने डाव्या दाराचे फोटो काढून, ते संगणकात उलटे करून, उजव्या दाराची वेल तयार केली होती आणि साध्या फळ्यांवर तालीम चालली होती. मी बघतच राहिले. त्याच्या हाताची ती कड उचलायची ढब मशीनला नव्हती, पण वेल त्याचीच होती. माझा स्वभाव मात्र असा की चांगलं बघितलं तरी तोंडातून खोडच निघते. पुलावरून मोटरींच्या तारा नुसत्या लोंबत होत्या. मी म्हटलं, "अण्णा, ह्या तारा गोठ्यात साप लोंबल्यागत दिसतात. बांधून टाक." प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पाकीट मी रामनगरहून नेलंही होतं. त्याने ते बाजूला सारलं. आमच्याकडे कुंपण असो, गवताचा भारा असो की मांडवाचे वासे, कुंभ्याच्या झाडाची साल ओली करून तिने बांधतात. ओली असताना ती दोरीसारखी वळते आणि वाळली की लोखंडासारखी आवळते. कुंभ्याने बांधलेलं सुटत नाही हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. अण्णाने सालीची पट्टी भिजवली आणि तारांची जुडी पुलाच्या कोपऱ्यापाशी बांधायला बसला. बोटं थरथरत होती. पट्टी तीनदा सुटली. वहिनी पुढे झाली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे. एवढं तरी माझ्या हातानं होऊ दे." अर्धा तास लागला. शेवटी घट्ट, देखणी, दुहेरी गाठ बसली. त्याने ती ओढून बघितली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पकड गेली म्हणतासा न्हवं सगळी?" आणि हसला.

दिवाळीनंतर त्याने खरी, फणसाची फळी मशीनवर चढवली. वेल झाली, खालची फुलं झाली. वरच्या कोपऱ्यातल्या मोठ्या फुलाच्या तिसऱ्या पाकळीपाशी पूल गेला आणि मशीन थांबली. मोटर गुरगुरली, जागच्या जागी थरथरली, डबीवर लाल दिवा लागला. अण्णाने बंद करून पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. एकदा खटका पाडायला त्याला क्षणभर उशीर झाला तर पूल पाऊल चुकला, आणि पाकळीच्या मधोमध एक पायरी पडली. वहिनी सांगते, त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणाला, "माझा हात बरा व्हता म्हणायचा. हिला बी कंप सुटला."

पण तो हात टेकणाऱ्यातला नव्हता. त्याची वही माझ्यासमोर आहे. पानापानावर आज काय बदललं आणि काय झालं, एवढंच लिहिलेलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्याने वरच्या कोपऱ्यात चौकटीत लिहून ठेवलाय. डबी बदलली, तिथेच थांबली. दोन मोटरींची अदलाबदल केली, बिघाड मोटरीबरोबर गेला नाही, तिथेच थांबली. मोटरीच्या दांड्यावरचं, पूल ओढणाऱ्या पट्ट्याचं चाक सैल आहे का ते पेनाने रेघ मारून बघितलं, रेघ हलली नाही. तारा मीटर लावून तपासल्या, मीटर वाजलं, म्हणजे तारा चांगल्या. फोनवर हुबळीचा मेकॅनिक म्हणाला की दमटपणा असेल. पौषाच्या कोरड्या हवेत, ओठ फुटतायत तेव्हा, दमटपणा! मी मात्र ठाम होते की व्होल्टेज पडतंय. वीस वर्षं गिरण चालवणाऱ्या बाईला व्होल्टेजशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी बसने स्टॅबिलायझर घेऊन गेले, लावला, आणि मशीन त्याच पाकळीपाशी थांबली. तरी मी माघार घेतली नाही. म्हटलं, "तुझ्या वाडीतली वीजच धड न्हाई, त्याला मशीन काय करणार? सोड आता." अण्णा तेव्हा पहिल्यांदा माझ्यावर चिडला. "वीज काय पाकळी बघून जाती व्हय गं?" मी तशीच संध्याकाळच्या गाडीने परत आले.

मग तो गेला त्याच्या चार दिवस आधी त्याचा फोन आला. टेकाडावरून बोलत होता, धाप लागली होती. भांडणाचा विषय त्याने काढला नाही. म्हणाला, "सुमे, तू मोटरींतली हाईस. ती एकाच जागी का थांबतीया, एवढं सांग मला." गिरणीत गर्दी होती. मी म्हटलं, "बघते, रविवारी येते." त्या रविवारी मी गेले ती त्याच्या मातीला.

वहिनीने सगळं सांगितलं. सकाळी चहा पिऊन तो पडवीत गेला. थोड्या वेळाने मशीनचा कापण्याचा आवाज थांबला, पण मोटरींची बारीक घरघर चालू होती. उभ्या असल्या तरी त्या घरघरतात. "आवाज व्हता म्हणून मला वाटलं, हे बी तिथंच हाईत, बघत बसल्यात," वहिनी म्हणाली. तो तिथेच होता, खुर्चीत, वही मांडीवर. हात थरथरत नव्हते, त्यावरूनच तिला समजलं.

दिवसकार्य झाल्यावर देवळाचे मानकरी आले. भला माणूस. अण्णाच्याच वयाचे, आणि बोलताना जमिनीकडे बघत होते. म्हणाले, "जत्रा पंधरवड्यावर आली हाय. पुंडलीकानं शब्द दिला व्हता, पण आता तो शब्द कुणाच्या डोक्यावर ठेवायचा? बाहेरनं तयार झडपांची जोडी आणू म्हणतो. दोन्ही सारखी." दोन्ही, म्हणजे अण्णाने हाताने कोरलेलं डावं दारही उतरणार. वहिनीने पदर तोंडाला लावला. माझं डोकं एकदम थंड झालं. मी म्हटलं, "काका, पंधरा दिवस द्या. उजवं दार बसेल." ते म्हणाले, "कोण करणार?" मी म्हटलं, "मशीन करेल. काम अर्ध्याच्या वर झालंय." त्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "वन्सं म्हणत्यात तर द्या." टेकाडावर जाऊन नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं की गिरणीला कुलूप लाव, मी एवढ्यात येत नाही.

पहिले तीन दिवस मी तेच केलं जे अण्णाने केलं होतं, आणि तेच झालं. चौथ्या दिवशी मी मशीनला हात न लावता नुसती वही वाचली, पहिल्या पानापासून. आणि त्याने मला फोनवर विचारलेला प्रश्न तिथेही होता, चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या तारखांना. एकाच जागी का थांबते? मी इतके दिवस त्याला कुरकुर समजत होते, आणि तो तर पत्ता सांगत होता. बिघाड विजेत असता तर कुठेही झाला असता. मोटरीत असता तर मोटरीबरोबर गेला असता. तो जागेत होता. त्या कोपऱ्यात गेल्यावर असं काय होतं जे इतरत्र होत नाही? मी वहिनीला विचारलं, "अण्णानं तारा तपासल्या तेव्हा पूल कुठं होता?" ती म्हणाली, "हितंच की, खाली, सुरुवातीला. तपासताना हितंच आणून ठेवायचे."

वीज पूर्ण बंद केली. मोटरीच्या तारा डबीतून सोडवून त्यांना मीटर लावलं. मीटर वाजायला लागलं. मग वहिनीला म्हटलं, "पूल हातानं ढकल. सावकाश, वरच्या कोपऱ्याकडं." तिने आयुष्यात त्या मशीनला कधी हात लावला नव्हता. कपाळाला हात लावून तिने देवीला नमस्कार केला आणि ढकलायला सुरुवात केली. मीटर वाजत होतं, वाजत होतं... तिसऱ्या पाकळीवर पूल आला आणि मीटर गप्प झालं. "मागं घे." वाजलं. "पुढं." गप्प. मी तारांवर बोट फिरवत गेले, मोटरीकडून वर. कोपऱ्यात गेल्यावर जुडीला ताण बसत होता आणि ती एकाच ठिकाणी मुडपत होती. कुंभ्याच्या गाठीच्या कडेला.

पावसात बांधलेली साल दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आवळत गेली होती. वरचं प्लास्टिक तसंच, पण आतली एक तार चिरडून तुटली होती. सरळ असेपर्यंत तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहायची, ताण बसला की सुटायची. कुंपणाला, भाऱ्याला, मांडवाला जी गाठ दगा देत नाही, तिने बिचारीने इथेही आपलं काम चोख केलं होतं. म्हटलं, "वहिनी, मीच बांधायला लावलं गं त्याला. साप लोंबल्यागत दिसतात म्हटलं." इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. वहिनी माझ्याजवळ बसली. म्हणाली, "तुम्ही बांध म्हटलासा, पर बांधलं त्यांनी. त्या दिवशी किती हसले व्हते, आठवतं न्हवं? त्येच्यानंतर तसं हसलेलं मी बघितलं न्हाई."

चाकू माझ्या हातात होता. एका कापात काम झालं असतं. पण ती गाठ म्हणजे त्याच्या हातांनी या घरात केलेली शेवटची वस्तू होती, आणि ती मोडल्याशिवाय त्याचं दार पुरं होणार नव्हतं. वहिनी म्हणाली, "कापू नका वन्सं. वली करा." मी फडकं भिजवून गाठीभोवती गुंडाळलं. वहिनीने कोरा चहा केला. आम्ही दोघी मशीनसमोर चहा पीत बसलो, मधून मधून फडक्यावर पाणी शिंपडत. गाठ सैल व्हायला अर्धा तास लागला, बांधायला लागला होता तेवढाच. चिरडलेला तुकडा तर कापायचाच होता. सगळी जुडीच तिथे कापली, आणि कापलेल्या टोकावरून सालीचं ते कडं गाठीसकट अलगद सरकवून बाहेर काढलं. नव्या तारा जोडून डाख दिला, भरपूर ढील ठेवली, आणि वहिनीच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीने जुडी सैलसर बांधली.

वहीत लिहिल्याप्रमाणे एकेक पायरी करत मी मशीन लावली. एक हात खटक्यावर. पूल कोपऱ्याकडे सरकला, पहिली पाकळी, दुसरी... तिसरीवर आला. मोटरीचा सूर बदलला नाही. पूल तसाच पुढे गेला, चौथी पाकळी कोरायला लागला. वहिनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून उभी होती, अण्णाच्या खुर्चीची. म्हणाली, "गेली की वो पुढं." तिने एवढंच दोनदा म्हटलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी दार बसलं. डावं दार इतक्या वर्षांत काळसर तांबूस झालंय आणि उजवं अजून हळदीसारखं पिवळं आहे. फणसाचंच लाकूड ते, होईल हळूहळू सारखं. तिसऱ्या पाकळीतली पायरी भुसा-सरस भरून बुजवू का, असं मानकऱ्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ दे." या जत्रेला ती देवळाच्या पुढच्या बाजूने गेली.

गाठीचं ते कडं मी रामनगरला आणलं आणि गिरणीच्या खटक्याशेजारी खिळ्याला टांगलं. वाळून ते पुन्हा टणक झालंय. आत तार नाही, तरी आकार तारेचाच आहे. अण्णा गेल्याचं कळून भेटायला अजून माणसं येतात, आणि हळहळून म्हणतात, काय हात होता, पण शेवटी पकड गेली बिचाऱ्याची. मी वाद घालत नाही. खिळ्यावरचं कडं काढून त्यांच्या हातात देते आणि म्हणते, ही गाठ सोडवून दाखवा.